आठ ओहमांची बखर

श्रीनाददेवता प्रसन्न. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, माघमासी एका राज्यात जे वर्तले ते ऐसे जे, भगवंतराव महाराज कैलासवासी जाहले आणि त्यांचे गिटार व काचदिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हांचे, जुने अँप्लिफायर धाकट्या भगिनी तुळजाबाईसाहेब यांजकडे आले. त्या यंत्राच्या पोटातील तांब्याचे वेटोळे पुन्हा वळून देईल ऐसा कारागीर राज्यात उरला नव्हता. ते जळाले तर दादांचा आवाज दुसऱ्यांदा गेला, हे बाईसाहेब जाणून होत्या आणि त्या भयाने त्यांस घास गोड लागेना.

मग वर्षश्राद्धाचा दरबार भरला आणि चौघां सरदारांनी चार स्पीकरपेट्या नजर केल्या, एकेक आठ ओहमांची. यंत्राच्या पाठीवरही आठच लिहिले होते, म्हणजे त्यास विजेची तितकीच अडवण पाहिजे, कमी नको, जास्त नको. बाईसाहेब बोलिल्या, “दोन दोन पेट्या एकीमागे एक जोडू आणि त्या दोन जोड्या शेजारी लावू, म्हणजे हिशेब पुन्हा आठावर येतो.” हे ऐकून सरदार निंबाजीरावांच्या नाकास मिरच्या झोंबल्या. “आमची तार दुसऱ्याच्या पेटीतून? आमचे वाडवडील दरबारी आले ते परक्याच्या उंबऱ्यातून नव्हे!” बाईसाहेबांनी समजाविले की, “वीज दोघांतून सारखीच वाहते, पुढचा मागचा कोणी नाही.” परंतु मानपान पुढे आला की शहाणपण जोडे घालून निघून जाते. मग चौघांच्या तारा थेट यंत्रास जोडल्या गेल्या आणि आठांचे दोन जाहले, म्हणजे यंत्रावर चौपट ओझे. बाईसाहेबांस मोडता घालवेना. ऐन श्राद्धाचे दिवशी कलह नको, ऐसे मनी आणून त्यांनी वादन आरंभिले.

पहिले कडवे सरले नाही तोच काचदिव्यांतील पत्रे निखाऱ्यासारखे लाल जाहले आणि करपल्याचा वास व धूर सुटला. बाईसाहेबांचा हात थबकला. त्या ओरडल्या, “तारांस हात लावू नका! आधी यंत्र निजवू द्या!” निंबाजीराव समजले की आपणांसच दटाविले, म्हणोन त्यांनी रागे आपली तार उपटली, आणि मग मागे राहण्यात कमीपणा, म्हणोन बाकीच्यांनीही उपटल्या. यंत्र जागे, गिटारच्या तारा झणझणत, आणि ओझे काहीच नाही! ओझ्याखाली दमणे एक वेळ परवडले, परंतु ऐसे मोकळे सुटले की काचदिव्यांच्या यंत्राचे वेटोळे फुटते. बाईसाहेबांनी डावा तळवा गिटारच्या तारांवर दाबिला आणि उजव्याने खटका पाडून यंत्र निजविले. मग भर दरबारी पदर डोळ्यांस लाविला आणि रडल्या.

वडील सरदार दमाजीराव एका जुन्या पेटीवर मानाने बसले होते. डोळे पुसून बाईसाहेब त्यांजपुढे गेल्या. “काका, उठा.”

“आम्हांस उठविता? भरल्या दरबारी?”

“दादांची पेटी पाहिजे. आपण तिजवर बसला आहा.”

दमाजीराव उठले. पेटीच्या पाठीवर भगवंतरावांच्या हातचे खडूचे अक्षर होते, ‘आठ ओहम. यंत्राचा सगळा जोर सोसेल.’ बाईसाहेबांनी ती एकटीच जाड तारेने जोडिली, जोड ओढून पाहिला, काचदिवे निवले ऐसे पाहून मगच यंत्र जागे केले, आणि दादा संध्याकाळी वाजवीत ती चीज धरिली. वेटोळे शाबूत होते. आवाज निघाला तो दादांचाच, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी पागोटी उतरविली. दमाजीरावांस दुसरे आसन आणिले, ते त्यांनी हाताने बाजूस सारिले आणि दादांच्या पेटीस मुजरा करून उभे राहिले.

एवंच, चार पेट्या थेट जोडिल्या तेव्हा धूर निघाला आणि एक योग्य जोडिली तेव्हा मयत माणूस बोलला. सरदारांच्या पेट्या हल्ली दोन दोन करून जोडितात आणि पुढे कोण हे कोणी पुसत नाही. दमाजीराव दर वर्षीच्या श्राद्धास येतात, आसन मांडिलेले असते, आणि ते अखेरपर्यंत उभेच असतात. इति.