अधिक-उण्याचे केळशीकर

केळशीकरसाहेबांनी आमच्या भोसरीच्या कारखान्यातल्या टाइपरायटरचा एक दात पाडून त्या जागी दुसरा बसवला होता. थट्टा नाही. अर्धा आणि पाव उमटवणारा खिळा त्यांनी रफिकभाई मेकॅनिककडून उपटून घेतला आणि तिथे डाख देऊन दुसरा बसवला. आता ½ च्या जागी ± उमटे आणि ¼ च्या जागी व्यासाचं Ø. कळेवर कागदाचा चिटोरा चिकटवून वर शाईने तीच चिन्हं काढली. हल्ली माझ्या फोनवर बोट दाबून धरलं की असली चिन्हं मुंग्यांसारखी बाहेर पडतात. १९७० सालच्या सुमाराला मात्र एका चिन्हासाठी एवढी शस्त्रक्रिया!

साहेब तपासणी विभागाचे प्रमुख. सुटे भाग मापात, म्हणजे ठरवून दिलेल्या अधिक-उण्याच्या आत, आहेत का ते बघायचं आणि नसले की खूश व्हायचं, एवढंच त्यांचं काम. बोलणंही तसलंच. "चहा अर्धा कप. अधिक शून्य, उणे एक घोट." कँटीनवाला त्यांच्या पाठीला हात जोडायचा. कुणी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर तांबड्या पेन्सिलीने मुहूर्ताभोवती गोल. "बारा पस्तीस ठीक. पण किती मिनिटं मागे-पुढे चालेल ते कुठंय?" पत्रिका देणारा बिचारा पेढे घेऊन परत जायचा.

माझ्या आधीचा टाइपिस्ट + उमटवून, मशीन एक घर मागे घेऊन, खाली रेघ मारायचा. जगभर तसंच चालायचं. साहेबांना चालेना. "हे अधिक-उणे नाही. हे सतरंजीवर बसलेलं अधिक आहे!"

आणि मी? मी त्यांच्याहून मोठं ध्यान. टाइपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली, त्यामुळे कळांकडे बघणं म्हणजे नवऱ्याला नावाने हाक मारण्याइतकं पाप, अशी समजूत. मान ताठ, नजर भिंतीवर, तोंडावर भाव असा की जणू हार्मोनियमच वाजवतेय. तोरा एवढा आणि नोकरी मात्र कच्ची. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलेलं, घरात पगार आणणारी मी एकटी, आणि कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्याच महिन्यात ठरणार होतं.

नेमकी तेव्हाच हजेरीखात्यातली बाई आजारी पडली आणि रजेचा तक्ता माझ्याकडे आला. सुगीचे दिवस. चाकणकडचे निम्मे कामगार अर्धा-अर्धा दिवस रजा टाकून शेतावर पळालेले. मी भिंतीकडे बघत झरझर तक्ता काढला, पुन्हा न वाचता बोर्डावर लावला आणि स्वतःवर खूश होऊन डबा उघडला.

पहिला घास तोंडात, तोच खिडकीत लेथवाला बबन.

"ओ बाई, माझ्या नावाफुडं ह्ये काय काढलंय? मी कामावर व्हतो का न्हाई?"

मागून कुणीतरी ओरडला, "भावा, तू आलास तरी उणाच!"

एकूण एक अर्ध्या रजेच्या जागी ± ! सगळा कारखाना बोर्डासमोर पोट धरून हसत होता. मी सोडून.

मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या हातात तक्ता. "केळशीकर, एकच सांगा. खराब काय आहे, मशीन की बाई? मशीन असेल तर तुमची ती चिन्हं आजच काढायची. बाई असेल तर उद्यापासून दुसरी बघतो."

चिटोरा कळेवर होता, तो न बघणारी मी. आणि ज्या माणसाने लग्नाचा मुहूर्त सोडला नाही, तो माझ्यासाठी आपला लाडका दात सोडणार? मी मनातल्या मनात घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं तेही जुळवलं.

"मशीन," साहेब म्हणाले.

"नक्की?"

"अधिक शून्य, उणे शून्य."

दुपारीच रफिकभाई आला. "साहब, कितनी मेहनत से बिठाया था," तो कुरकुरला. "काढ," एवढंच म्हणून साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. महिनाअखेर मी कायम झाले. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "तुमचा समास डावीकडे सरकतोय, तो बघा."

त्यानंतर मी तपासणीच्या अहवालांत चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायची आणि सुटी झाल्यावर साहेब एकटे बसून त्या पेनाने भरायचे. एका संध्याकाळी मी पर्स खांद्याला लावून निघाले, आणि काय वाटलं कोण जाणे, समोर खुर्ची ओढून निम्मी पानं घेतली.

"तुमचं अधिक लंगडतंय," ते म्हणाले. पण खोडलं नाही.

बराच वेळ दोन पेनांची करकर. मग, कधी नव्हे ते, त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी सुरूच झाले. नवरा, सासूबाई, दोन मुली, शिकायला राहिलेला दीर; मी गेल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही, आणि धाकटी तर दारातच उभी असते.

"आणि तुमच्या घरी, साहेब?"

"मी असतो," ते म्हणाले. मग माझ्यासमोरची पानं आपल्याकडे ओढून घेतली. "उठा आता. दिघीची बस जाईल."