खोक्यातले उस्ताद

आपण जोडलेला गिअरबॉक्स कड्यावरून ढकलला तरी खाली पोचेपर्यंत गिअर बदलत राहील, असं मिस्त्री छातीठोकपणे सांगायचा. त्या दुपारीही चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवून झालं होतं. शिवाय या खोक्याची गोष्टच वेगळी होती. ते रॅलीच्या शर्यतीतल्या गाडीत बसणार होतं, आणि उद्या ती गाडी त्याची लेक पळवणार होती.

शेवटचा बोल्ट आवळून त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक खोक्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि उजव्या हाताने शाफ्ट फिरवला. आतलं दुखणं ऐकायची ही रीत त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांची.

ठक. जरा थांबून, ठक.

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. चूक दिसली की उस्ताद पाना बाकावर अस्साच आपटायचे. मरताना बजावून गेले होते, "जोडणीत कसूर केलीस, तर आत येऊन बसेन."

त्याने खोकं उघडलं. दाते, बेअरिंग, सगळं धुऊन उजेडात धरून पाहिलं. कुठे ओरखडा नाही. पुन्हा जोडलं. ठक, ठक. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. पंखा बंद होता, तरी मानेला गार लागायला लागलं.

"उस्ताद, चुकलं काय ते तरी सांगा," तो हात जोडून म्हणाला आणि शाफ्ट फिरवला. आतून उत्तर आलं. ठक.

तेवढ्यात लेक आली. गाडी शर्यतीआधीच्या तपासणीला न्यायची वेळ टळत चालली होती. मिस्त्रीने तिला सरळ सांगून टाकलं, की खोक्यात उस्ताद आहेत, मला भीती वाटते, तू जाऊ नकोस.

ती हसली नाही. तुम्ही ऐका, मी फिरवते, म्हणाली. तिने शाफ्ट फिरवला आणि खोकं मुकं झालं.

"बघ, तुझ्यासमोर कसे गप्प बसतात," मिस्त्री कुजबुजला.

आता तिने त्यालाच फिरवायला लावलं. स्क्रूड्रायव्हर मात्र खोक्याऐवजी त्याच्या खांद्यावर टेकवला आणि कान लावला. ठक. ठक.

"बाबा, बेअरिंग गेलंय. पण ते तुमच्या खांद्याचं. हाडातून तुमचाच आवाज तुम्हाला ऐकू येतोय."

मिस्त्री खजील झाला. त्याने खोकं गाडीत बसवलं. निघताना लेकीने डॉक्टरांना दाखवायचं बजावलं, त्याने मान हलवली, तर तिथेही काहीतरी वाजलं.

गाडी वळणाआड गेल्यावर त्याने खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, इथेच बसा. तिच्या गाडीत जाऊ नका."