मानाचं लिंबू

घाटनांदुरात पहिली डिश अँटेना चन्नप्पांनी बसवली. तेव्हापासून आभाळाशी आपली घरची ओळख आहे असा त्यांचा समज! म्हणून शहाण्णवच्या दिवाळीत त्यांनी भर दुकानात छातीठोकपणे सांगून टाकलं, "चौसाळ्याच्या इमानाला धूळ चारली न्हाई, तर नावाचा चन्नप्पा न्हाई!"

हे विमान म्हणजे चौसाळ्याच्या जावयाचं, हातातल्या रेडिओच्या डबीवर उडणारं खेळण्यातलं. जावयाचं म्हणजेच व्याह्यांचं. लेकीच्या, शिवकन्येच्या लग्नापासून चार वर्षं चन्नप्पा व्याही बसवेश्वरअप्पांपुढे हात जोडून उभे होते. मुलीचा बाप पडला ना! एकदा, फक्त एकदाच, त्यांना व्याह्यांपुढे ताठ उभं राहायचं होतं. म्हणून त्यांनी हैदराबादेहून तसंच विमान मागवलं आणि शर्यतीचं आवतण धाडलं. शाळेच्या मैदानाला तीन फेऱ्या!

तयारी लग्नघराला लाजवील अशी. कॅलेंडरच्या पाठीवर एकवीस कलमं लिहिली. पंख बांधायची रबरं नवी, सेल पूर्ण चार्ज. शेपूट जड नको, म्हणून विमान दोन बोटांवर तोलून बघायचं. डबीची अँटेना मिटवून पन्नास पावलांवरून सिग्नल तपासायचा. त्यासाठी त्यांच्या बायको उमाबाई विमान धरून गोठ्यापाशी उभ्या राहिल्या.

"शेपूट हाललं का?" चन्नप्पा ओरडले.

"इमानाचं का म्हशीचं?"

"इमानाचं!"

"आवं, दोन्हीबी हालाय लागलंय!"

शेवटचं कलम लाल शाईत होतं: प्रेक्षक पन्नास पावलं लांब.

शर्यतीच्या दिवशी व्याही आले आणि पहिल्यांदा मोडलं ते लाल कलमच. व्याह्यांना पन्नास पावलं लांब बसवायचं? उमाबाईंनी असे डोळे वटारले की मानाची खुर्ची थेट मैदानाच्या मधोमध गेली.

मग पूजा. नवं वाहन आणि समोर व्याही, म्हणजे नारळ त्यांच्याच हातचा. बसवेश्वरअप्पांनी नारळ फोडला, विमानाला विभूती लावली आणि पिशवीतून लिंबू-मिरच्या काढल्या. लिंबू चांगलं पेरूएवढं! ते शेपटीला बांधू लागले तसे चन्नप्पा पुढे धावले.

"अप्पा, शेपटीला नगं... तोल जातोय."

"कावून? नजर मागूनच लागती! आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

शिवकन्या जमिनीकडे बघू लागली. चार वर्षांची सवय! चन्नप्पांचे हात आपोआप जुळले.

"तसं न्हाई अप्पा, बांधा की. पण... जावईबापूंच्या इमानाला?"

"लिंबू एकच आणलंतं," व्याही उदारपणे म्हणाले. "म्हणलं, तुमचा मान आधी!"

दोन्ही विमानं सुटली. जावयाचं सरळ गेलं. चन्नप्पांचं विमान नाक वर करून थेट आभाळात चढलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या! वर जाऊन ते क्षणभर थबकलं, उलटं झालं आणि लिंबासकट मानाच्या खुर्चीवर आलं. बसवेश्वरअप्पा खाली वाकले म्हणून वाचले. फेटा मात्र विमानाबरोबर लिंबाच्या रसात लोळला. जावयाच्या विमानाने तेवढ्यात तिन्ही फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी व्याह्यांना नवा फेटा बांधला. जोडीला शाल आणि जावयाला ड्रेसचं कापड. निघताना बसवेश्वरअप्पांनी चन्नप्पांच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घिऊ नका. चुकलं आमचंच. एवढ्या मोठ्या इमानाला एका लिंबानं कुठं भागतंय? पुढच्या बारीला दोन बांधू!"

चन्नप्पांनी हात जोडले. "बांधा की अप्पा."