कडुलिंबाचा लेप

पहाटेच कडूबाने आपल्या चांदणी घोडीच्या सडांना कडुलिंबाचा वाटलेला पाला लावला आणि आपण पाप करत नसून परंपरा पाळत आहोत, अशी स्वतःची समजूत घातली. लग्नसराई दारात होती. पाठीशी शिंगरू असलेली घोडी परण्याला, नवरदेवाच्या मिरवणुकीला, कोण नेणार? बापानेही चौथ्या महिन्यातच शिंगरांचे दूध तोडले होते. अडचण एवढीच, की करमाडचे जनावरांचे डॉक्टर इंद्रजीत यांनी बजावले होते, "कडूबामामा, सहा महिने होईस्तोवर दूध तोडायचं नाय. वाढ खुंटते, हाडं कच्ची राहतात. तोडलंत, तर माझ्या दारात येऊ नका." आणि आजचे नवरदेव खुद्द डॉक्टरच होते.

"शिंगरू कुठंय?" घोडीवर चढताना त्यांनी विचारलेच.

"घरी. पोटभर पिऊन झोपलंय."

मारुतीपासून निघालेला परण्या मांडवाच्या हाकेवर आला, मुहूर्ताला दहा मिनिटे उरली, आणि तुटलेले दावे गळ्यात मिरवीत शिंगरू गर्दीत घुसले. चांदणी थांबली, उन्हात कोरून ठेवल्यासारखी. शिंगराने तोंड लावले, फुर्रकन काढले, पुन्हा लावले आणि असा टाहो फोडला, की ताशेवाल्याच्या काड्या हवेतच राहिल्या.

"मामा, त्याच्या तोंडाला हिरवं काय?"

"गवत असंल, डाक्टर."

"गवत बघून असं रडतंय व्हय?"

डॉक्टरांना उतरता येईना. सासऱ्याने पाय धुतल्याखेरीज नवरदेवाने भुई शिवायची नाही, ही रीत. सासरे तात्यासाहेब कोमट पाण्याचे घंगाळ घेऊन धावत आले.

"पाय पुढं करा, जावईबापू! मुहूर्त चाललाय!"

"पाय राहू द्या. आधी सड धुवा."

"कुणाचे?"

"घोडीचे! लेकरू सकाळपासून उपाशी हाय."

चार गावांत वजन असलेले तात्यासाहेब फेटा सावरीत घोडीखाली बसले. मुहूर्त टळला. शिंगरू पिऊ लागले, तशी साऱ्या परण्यावर अशी शांतता उतरली, की घोट मोजता यावेत. कडूबाला भुई पोटात घेईना.

तेवढ्यात नवरीची आजी लक्ष्मीबाई ओरडली, "अगं बया, परण्यात लेकरू दूध पितंय! लई मोठा शकुन हाय!"

हिरव्या हातांनी उठत तात्यासाहेब म्हणाले, "आता उतरता का, का वासरंबी तपासायचीत?"

संध्याकाळपर्यंत तीन वरबाप कडूबाकडे घोडी ठरवायला येऊन गेले. तिघांची अट एकच होती.

शिंगरू पाहिजेच. अन् उपाशी.