चाळिसावरची तांबडी रेघ

काटा दिसला की आमच्या सोपाननानांचं बोट आपोआप वर येतं आणि ते त्याला टिचकी मारतात. मग तो भाजीवाल्याचा वजनकाटा असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर माझ्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा असो. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजत होते, तर नानांनी मोकळ्या हातानं त्या यंत्राच्या काट्याच्या काचेवर टकटक केलं.

"काका, हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"काटा झोपतो वो कधीकधी. जागा करावा, मंग आकडा घ्यावा."

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच निघाला, पण नानांना त्याचं काही नाही.

हे खूळ कारखान्यातलं. नाना एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. दर अर्ध्या तासानं गेजचा काटा बघायचा, टिचकी मारायची, आकडा वहीत लिहायचा. उभ्या नोकरीत न बघता एकही आकडा लिहिला नाही, ह्याचा त्यांना भारी अभिमान. दुसऱ्या पाळीतला एक गडी स्टुलावर बसल्या बसल्या सगळे आकडे एकदम लिहून टाकायचा, तर नाना त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. "जो काट्याच्या नावावर खोटं लिहितो, त्याच्या पंगतीला आपुन बसत न्हाई," हा निकाल. वाद कुठलाही असो, शेवटी नाना एकच म्हणणार, "काट्यावर बोला."

निवृत्तीनंतर ते केडगावला आमच्या शेजारी राहायला आले. मी शाळेत भूगोल शिकवतो. ही माहिती त्यांना कुणी दिली ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यामुळे माझे चार रविवार फुकट गेले.

त्याचं झालं असं. मागच्या वैशाखात नानी, म्हणजे त्यांची बायको, गच्चीवर कुरडया वाळत घालून कावळे हाकायला बसली होती. नाना तेव्हा केस कापायला गेलेले. परत आले तर नानी टाकीजवळ आडवी पडलेली. सलाईन लागलं, दोन दिवसांत बरी झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर. नाना मात्र बरे झाले नाहीत. नानी वर गेली की हे जिन्यात बसून हाका मारायचे, "आगं, ऊन लई हाय, खाली ये."

"तुमचं ऊन कवा कमी असतंय?" नानी वरूनच म्हणायची.

ह्या वर्षी उन्हाळा लागला तशी नानांनी मोबाईलवरच्या तापमानाची साक्ष काढली. नानीनं विचारलं, "तुमचा मोबाईल कुठल्या गच्चीवर बसलाय?" नानांचंही मोबाईलबद्दल हेच मत होतं. मग नानीच म्हणाली, "जन्मभर काटा काटा करता ना? लावा हितं तुमचा काटा. त्यो म्हनला तर येईन खाली. तुमी म्हनता म्हनून न्हाई येनार."

नानांना एवढंच पाहिजे होतं. रविवारी सकाळी सातला माझं दार वाजलं. "सर, तुमी भूगोल शिकवता. हवामानाचा काटा घ्यायचाय, चला."

पहिला काटा तळहाताएवढा होता. दुकानदारानं पिशवीत घातला, आम्ही घरी आलो, आणि नानांनी तो उकळत्या पाण्यात सोडला. कारखान्यात नवं गेज आलं की आधी तपासून घ्यायचं, ही शिस्त. पण त्या बिचाऱ्यावर पन्नासापर्यंतच आकडे. काटा सुटला तो पन्नास ओलांडून पलीकडच्या खिळ्यावर आदळला आणि तिथेच बसला. प्लास्टिकची कड पापडासारखी फुगली. नानांनी टिचकी मारली. काटा हलला नाही.

"कच्चा निघाला," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही त्याला उकडलंत."

"बॉयलरवर टिकला आसता का, सांगा."

बॉयलरवर कशाला टिकेल? तो घराबाहेर टांगायचा. पण हे मी मनातच म्हणालो, कारण चहा त्यांच्या घरचा होता.

दुसरा काटा देखणा होता. तबकडीवर चिमण्या, वेली, फुलं. नानीला दाखवला तर ती म्हणाली, "हितं तर शंभर दावतंय." बाहेरच्या गोलावर ठसठशीत फॅरनहाइट छापलेलं, आपले अंश आतल्या गोलात मुंगीएवढे. मी समजावून सांगायला लागलो. नाना ऐकेनात. "शंभरला पाण्याची वाफ हुती सर. ही उद्या शंभर बघंल आन् म्हनंल, मी तर हितं धडधाकट बसलेय, म्हंजी काटाच खोटा. मंग कदीच उतरायची न्हाई." चिमण्या परत गेल्या.

तिसऱ्या रविवारी माळीवाड्यातल्या एका जुन्या दुकानात, माळ्यावरच्या धुळीत, आमचा काटा निघाला. जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी, काळे आकडे, काळा काटा, चित्र एकही नाही. नाना त्याच्याकडे सुनेकडे बघावं तसे बघत राहिले. पण परीक्षा बाकी होती. नानी गच्चीवर चष्मा नेत नाही, तो स्वयंपाकघरातच राहतो. तेव्हा काटा चष्म्याविना दिसायला हवा. मला रस्त्याच्या पलीकडे उभं करून ताट डोक्यावर धरायला लावलं. नानांनी चष्मा काढला आणि दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "चौतीस." मग म्हणाले, "दोन पावलं मागं व्हा." त्याच वेळी आमच्या नववीची चार पोरं सायकलवरून गेली. सोमवारी वर्गात काय झालं ते मी सांगणार नाही.

दुकानदारानं जाता जाता मागचा बारीक स्क्रू दाखवला. "पुढेमागे फरक पडला तर इथून जुळवून घ्या."

नाना दुखावले. "काटा जुळवून घेत न्हाई दादा. मानसानं जुळवून घ्यायचं."

चौथा रविवार तो लावण्यात गेला. नानांना तो भर उन्हात हवा होता. बॉयलरचं गेज बॉयलरवरच असतं म्हणे. मी पहिल्यांदाच आवाज चढवला. हवेचं तापमान सावलीत घेतात, वीस वर्षं हेच शिकवतोय. नानांनी एक दुपार उन्हात लावून बघितला, काटा पार टोकाला गेलेला बघून टिचकी मारली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर म्हनतात तसं." टाकीच्या उत्तरेला, सावलीत, नानीच्या बसण्याच्या जागेसमोर तो बसला. बॉयलरच्या गेजवर असते तशी चाळिसावर नानांनी तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नानी सकाळीच कुरडया घेऊन वर गेली. नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर, मी वरच्या. साडेअकराला काटा रेघेला टेकला. नानीनं डोळे बारीक करून बघितलं. पुन्हा बघितलं. मग उठली, कुरडयांवर जुनं धोतर अंथरलं, कडेनं विटा ठेवल्या आणि आम्हा दोघांच्या शेजारून खाली उतरून गेली.

नाना जागचे उठले आणि थेट कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात गेले. त्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीला रस पाजला. प्रत्येकाला सांगत होते, "काटा म्हनला आन् आली." चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं ऐकल्याची ही पहिली वेळ, असं त्यांनी रसवाल्यालाही सांगितलं. पुढे रोज तेच. काटा रेघेला टेकायचा, नानी उतरायची, आणि नाना छाती काढून चार घरं हिंडून यायचे. समोरच्या बायकाही पापड टाकायच्या आधी आमच्या गच्चीकडे बघायला लागल्या.

मला एकच गोष्ट खटकत होती. जगातल्या प्रत्येक काट्याला टिचकी मारणारा हा माणूस ह्या काट्याला हात लावत नव्हता.

भूगोलाचा मास्तर, किडा स्वस्थ बसू देईना. शाळेतला काचेचा तापमापक खिशात घालून मी एका दुपारी वर गेलो, काट्याच्या शेजारी धरला. पाच मिनिटं थांबलो. तबकडीवर चाळिसाला थोडं कमी. काचेत छत्तिसालाही थोडं कमी. पुन्हा बघितलं, तेच. नोकरीत एक आकडा खोटा न लिहिणारे नाना. मला, खरं सांगतो, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार रविवारांचं व्याज वसूल होणार होतं.

"ठिवा ते खिशात," मागून नानी म्हणाली. ती कुरडया उलटत होती.

"नानी, हा चार अंश जास्त दाखवतोय."

"ठाऊक हाय. लावला त्या रातच्यालाच मागचा स्क्रू पिळत बसले हुते. मी जिन्यातनं बघितलं."

"मग उतरता कशाला?"

नानीनं हातातली कुरडई खाली ठेवली. "त्या दिवशी कटिंगला गेल्ते, त्ये आजून सवताला माफ करीत न्हाईत. वरीसभर मी वर आसले की त्ये जिन्यात. पानी न्हाई, जेवन न्हाई. आता मी उतरले की दोन घास सुकानं खात्यात." मग पदर सारखा करत म्हणाली, "ज्या मानसानं जल्मात काटा फिरवला न्हाई, त्यानं माज्यासाटी फिरवला. आनि मी उतरू नको का?"

मी तापमापक खिशात घातला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नाना वर आले. त्यांनी आधी नानीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खिशातून डोकावणाऱ्या काचेच्या टोकाकडे. त्यांचा चेहरा उतरला. वर्गात पकडलेल्या पोराचा होतो तसा.

"काय म्हनतोय काटा, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पुढे झालो, तबकडीच्या काचेवर बोटानं टिचकी मारली आणि आकडा नीट बघितल्यासारखं केलं.

"चाळीस," मी म्हणालो. "पक्के."

नानांची छाती पुन्हा वर आली. "बघ," ते नानीला म्हणाले. "मी न्हाई, भूगोलाचे सर म्हनत्यात."

नानीनं डोक्यावर पदर घेतला आणि ती खाली उतरली.