निडी स्टेशनचा दरवाजा

"ज्याला पोपटीसमोर दम धरवत नाय, त्याचा पाय माझ्या अंगणात नको."

सासऱ्यांचा, धोंडीमामांचा, हा आवाज सुशीलच्या कानात अजून ताजा होता. लग्नानंतरची ती पहिलीच पोपटी. निडीला सासऱ्यांच्या अंगणात वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उपडं घातलेलं, भोवती पेंढ्याचा जाळ, आणि व्याही मंडळी ओळीनं बसलेली. शेंगा शिजल्या का बघावं म्हणून नव्या जावयानं काठीनं मडक्याला जरासं टकटक केलं. मडक्याची दोन भकलं झाली, कच्च्या शेंगा राखेत पडल्या, आणि धोंडीमामा बोलले ते बोलले. तेव्हापासून थंडी पडली, वाल भरला, की बायको, दिशा, एकटीच माहेरी जाई. आता पुन्हा तेच दिवस आले होते. भांडी घासता घासता ती गुणगुणत होती,

वाल भरला दाटून, माझ्या माहेराच्या रानी
एकटीच जाते बाई, सोबतीला नाही कोणी

सुशीलला ऐकू येत होतं. म्हणूनच तो लॅपटॉपमधून मान वर काढत नव्हता.

शिफ्टवरून रोह्याच्या खोलीवर आला, की तो शहर वसवायच्या एका खेळात रमे. त्यात त्यानं रोह्यापासून निडीपर्यंत जमिनीखालून मेट्रो नेली होती. स्टेशन झालं, आता दरवाजे ठेवायचे होते. खेळाची खुबी अशी, की दरवाजा ठेवाल तिथंच माणसं जमिनीतून उगवतात. सुशीलनं एक दरवाजा देवळापाशी दिला, एक शाळेपाशी, आणि सगळ्यांत मोठा, सरकत्या जिन्याचा, मामांच्या शेजारी राहणाऱ्या कान्हूच्या अंगणात. मामांच्या वाट्याला स्टेशनची मागची भिंत आली. भिंत फारच ओकीबोकी दिसते म्हणून त्यानं तिथं मुतारी बसवली.

दिशानं मागून पाहिलं. फोटो काढून भावाला, साईराजला, धाडला. "बघ तुझ्या भावोजींचे धंदे." साईराजनं तो गावच्या ग्रुपवर टाकला, खेळाचं नाव न घेता.

निडीत नकाशाला कुणी खोटं म्हणत नाही. मागच्याच महिन्यात कुणीतरी येऊन शेतांतून लाल टोकांचे खुंट ठोकून गेलं होतं. ते कशाचे, हे कुणालाच कळलं नव्हतं. आता कळलं. जावई रोह्याला कंपनीत, तेव्हा नकाशा आतल्या गोटातला. कान्हूनं अंगणात चहाच्या टपरीची जागा आखली आणि धोंडीमामांना निरोप दिला, की तुमच्या शेवग्याची फांदी आमच्या पाशिंजरांच्या डोक्याला लागेल, तेवढी उतरवा. मुतारीचीही त्यानं फार आपुलकीनं चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीमामा रोह्याच्या खोलीच्या दारात उभे. दिशा पाणी घेऊन आली, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"दरवाजा तिकडं कुणी दिला?"

सुशील उठून उभा राहिला होता. "मामा, तो खेळ हाय. खरं काय नाय त्यात."

मामांनी स्क्रीनकडे पाहिलं. इवली इवली माणसं जिना चढून कान्हूच्या अंगणात येत होती. येतच होती.

"खेळ हाय ना," मामा म्हणाले, "मग खेळातपण कान्हूच्याच अंगणात?"

दिशा तोंडाला पदर लावून आत गेली. सुशीलनं मुकाट्यानं मुतारी पाडली, भिंत पाडली, जिना उचलून मामांच्या अंगणासमोर आणला. खेळ जागा पुरत नाही म्हणाला. मामांनी शेवगा तोडायला परवानगी दिली, पण खेळात शेवगा नव्हताच. शेवटी जिना तिरका बसला, आणि माणसं मामांच्या अंगणात उगवू लागली.

मामा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघत राहिले.

"सगळा मुलूख उतरतोय," ते हळूच म्हणाले. "ह्यांत तुमी कुठं हाव?"

सुशीलनं मान खाली घातली. "मला कुठं परवानगी हाय, मामा."

मामांनी हातातलं पाणी आता पिऊन टाकलं. आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं, आवाज उतरवला, तरी तो दिशाला ऐकू गेलाच.

"ते मडकं पेणच्या बाजारातनं आणताना माझ्याच हातनं आपटलेलं. तडा मला ठाऊक होता. व्याही बसले होते समोर... तुमची काठी लागली, बरं झालं म्हटलं."