शूरवीराचे जास्तीचे शनिवार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चार प्रौढ गृहस्थ राक्षस मारायला जमत. चष्मेवाला गोष्ट रचून सांगे, बाकीचे तिघे, म्हणजे दातांचा डॉक्टर, गॅरेजवाला आणि विमा एजंट, तिच्यातले वीर होत आणि कोण जगणार ते फासे ठरवत. त्यातला विमा एजंट मागच्या महिन्यात भर रस्त्यात कोसळला आणि खरोखरच गेला. भेटायला गेल्यावर त्याची बायको म्हणाली, "दर शनिवारी तुमच्याकडेच यायचे. त्या दिवशीही तिकडेच निघाले होते."

त्या दिवशी खेळ नव्हता. महिन्यातले उरलेले शनिवार हा माणूस कुठे घालवायचा, देव जाणे. पण रडणाऱ्या बाईपुढे तसं सांगायला चष्मेवाल्याची जीभ रेटेना. तो "हो" म्हणाला आणि तिथेच फसला.

कारण आज वहिनी स्वतः येऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या शाळेत शिक्षिका. वही उघडून त्यांनी, दर शनिवारी यांच्या वीराने काय काय केलं ते तारीखवार सांगा, असं फर्मावलं.

चष्मेवाल्याने ठोकून दिलं की अमुक शनिवारी वीर तुरुंगात होता. मदतीला धावलेल्या दातांच्या डॉक्टरने त्याच शनिवारी त्याला डोंगरावर अजगराशी झुंजवलं. गॅरेजवाल्याने सारवासारव करताना त्याचा एक पाय तोडला, तर डॉक्टरने पुढच्याच शनिवारी त्याला तटावरून उडी मारायला लावली. वहिनी मुकाट्याने लिहीत होत्या आणि चुकलं तिथे लाल रेघ ओढत होत्या. गेलेल्या मित्राची अब्रू आणि या बाईच्या वीस वर्षांच्या संसाराची आठवण, दोन्हींचा भार आता एका लंगड्या वीरावर होता.

शेवटी वही मिटून वहिनींनी विचारलं, "भावजी, या खेळात एखादी बाई आहे का?"

"छे, कुणीच नाही," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला.

"मग आणा. मला तिच्याशी बोलायचंय."

खेळातल्या बाकीच्या पात्रांच्या तोंडून चष्मेवालाच बोलत असे, त्यामुळे हीसुद्धा त्याच्याच गळ्यात पडली. "बोला," तो कसाबसा म्हणाला.

"तुझ्याकडे ते हसायचे का गं?"

या खोलीत तो माणूस पोट धरधरून हसायचा. घरी हसत नव्हता, हे तिघांना आत्ता कळत होतं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

वहिनींनी लाल पेनाला टोपण लावलं.

"हेही खोटंच," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटलं."